रिपोर्टावरचे दोन तारे

माझी मुलगी सव्वा वर्षाची असताना एका शुक्रवारी संध्याकाळी मला ती पिवळी दिसली. मी ऑफिसातून येऊन बूट काढत होतो आणि तिनं रोजच्यासारखा टाळी द्यायला हात पुढे केला. तो इवलासा तळवा माझ्या तळव्यावर येऊन बसला आणि मी एक बूट पायात, एक हातात, असा जागच्या जागी थिजलो. हळदीच्या हातानं कुणी पुसून काढावा तसा तो तळवा दिसत होता.

"ट्यूबचा उजेड आहे तो," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

मी लेकीला उचलून बाल्कनीत नेलं. तिथे सूर्य मावळत होता आणि आमची अख्खी बिबवेवाडीच पिवळी झाली होती. मग न्हाणीघरात नेलं. तिथल्या बल्बखाली मी स्वतःच पिवळा होतो. मग जिन्यात, मग शेजाऱ्यांच्या दारातल्या दिव्याखाली, मग परत आमच्या ट्यूबखाली. लेकीला हा खेळ बेहद्द आवडला. ती प्रत्येक उजेडात टाळ्या वाजवत होती आणि प्रत्येक टाळीला मी तिचे तळवे पकडून पुन्हा बघत होतो. शेवटी बायको हात पुसत आली, तिनं स्वतःचा तळवा लेकीच्या तळव्याशेजारी धरला आणि ओल्या बोटानं तो इवला तळवा चोळून पाहिला. रंग तसाच राहिला.

"कावीळ," मी म्हणालो.

"उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवू," ती म्हणाली.

हे साधं, शहाणं वाक्य होतं आणि ते ऐकण्याची माझी अजिबात लायकी नव्हती. त्याचं कारण माझा धंदा. नव्या सहस्रकाच्या पहिल्या सकाळी जगातले सगळे कॉम्प्युटर एकदम भ्रमिष्ट होणार, अशी भीती तेव्हा अमेरिकेतल्या बँकांना वाटत होती, आणि त्या भीतीवर पुण्यातल्या कितीतरी फ्लॅटांचे हप्ते फिटत होते. माझाही त्यातच. मी प्रोग्रॅमर होतो. जुन्या प्रोग्रॅममध्ये शिरायचं, दोन आकडी वर्षं चार आकडी करायची, आणि कुठलीही संख्या ठरलेल्या हद्दीबाहेर गेली की तिथे खूण करायची. दिवसभर हेच केल्यावर माणसाला घरातही सगळं तसंच दिसायला लागतं. डॉक्टर पोट दाबणार, "हं" म्हणणार. मला "हं" नको होतं. मला आकडा हवा होता.

म्हणून शनिवारी सकाळी मी माझी शक्कल लढवली. डॉक्टर नाहीतरी रक्त तपासायला सांगणारच, मग आधीच तपासून रिपोर्ट घेऊनच जाऊ, एक फेरी वाचेल. आमच्या ऑफिसच्या रस्त्यावर नवीनच एक लॅब उघडली होती. तोवर रक्त तपासायचं म्हणजे जिन्याखालची खोली, डेटॉलचा वास आणि हातानं लिहिलेली चिठ्ठी. इथे काचेचं दार होतं, एसी होता, सोफा होता आणि काचेच्या पेटीत रंगीत मासे होते. मासे बघत असताना लेकीच्या हातातून रक्त काढलं गेलं. तिनं जो सूर लावला तो ऐकून मासेसुद्धा दगडामागे गेले असावेत. बायकोनं तिला छातीशी धरलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की एसीची गरज राहिली नाही.

रिपोर्ट संध्याकाळी मिळाला. आहाहा, काय रिपोर्ट होता. गुळगुळीत कागद, कॉम्प्युटरवर छापलेला. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये आकडा, उजवीकडे कंसात नॉर्मल किती असावं ते. जो आकडा कंसात बसत नाही तो ठळक अक्षरात आणि त्याच्या शेजारी तारा. माझ्या पेशाच्या माणसाला याहून सुंदर कागद दाखवता येणार नाही. बिलिरुबिन, म्हणजे कावीळ मोजतात तो आकडा, व्यवस्थित कंसात होता. त्याच्याकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही. माझे डोळे ताऱ्यांवर होते. एसजीओटी, म्हणजे लिव्हर तपासतात त्यातला एक आकडा, तारा. आणि खाली अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एक प्रकरण: कंसात सव्वाशेच्या आसपासची मर्यादा आणि माझ्या लेकीचा आकडा तीनशेच्याही पुढे. तारा. तो तारा मला बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा छापल्यासारखा दिसत होता.

मी स्कूटरला किक मारली आणि लेकीच्या डॉक्टरांचा पेठेतला दवाखाना गाठला. दाराला कुलूप होतं. वर जुनीच पाटी: "शनिवारी संध्याकाळी व रविवारी दवाखाना बंद राहील. मुलांना तशी कल्पना द्यावी."

एरवी मी ही पाटी चारचौघांत रंगवून सांगायचो. त्या दिवशी तिच्यासमोर उभा राहून मला रडू यायचं बाकी होतं. पीसीओवरून डॉक्टरांच्या घरी फोन केला. कुणीतरी म्हणालं, गावाला गेलेत, सोमवारी सकाळी भेटतील. बायकोला फोन केला आणि म्हणालो, मोठ्या इस्पितळात जाऊ, आत्ताच्या आत्ता.

"तिथे जाऊन काय सांगायचं?" ती म्हणाली. "ताप नाही, उलटी नाही. कार्टी आत्ता सोफ्यावर चढून पेपर खातेय. शंका आली की मीच तुम्हाला घेऊन जाईन. तुम्ही आधी घरी या."

घरी जायचं सोडून मी अप्पा बळवंत चौकात गेलो. पुस्तकांच्या एका दुकानात डॉक्टरकीची पुस्तकं मागच्या फळीवर असायची.

"काय हवंय आपल्याला?" गल्ल्यावरच्या गृहस्थांनी विचारलं.

"लिव्हरवर काहीतरी."

"विद्यार्थी दिसत नाही आपण."

"नाही, सहज."

"सहज लिव्हर कुणी वाचत नाही," असं म्हणून त्यांनी एक उशीएवढं पुस्तक माझ्या हातात दिलं. मी मागची सूची काढली, आकड्याचं नाव शोधलं आणि उभ्याउभ्याच वाचायला लागलो. तो आकडा वाढला की काय काय असू शकतं याची तिथे लांबच लांब माळका होती. पित्ताच्या नळ्या चोंदलेल्या, नळ्या जन्मतः नसलेल्या, यकृताला सूज, आणखी असं काही ज्याचे उच्चारही मला करता येईनात. प्रत्येक ओळीवर मी घाबरलो, मग पुढची ओळ वाचून आणखी घाबरलो. एका पायावरून दुसऱ्या पायावर, पुन्हा पहिल्या पायावर, असा माझा नाच चालला होता.

"सगळे रोग उभ्यानंच घेतलेत आपण," गृहस्थ म्हणाले. "निदान एखादा तरी विकत घ्या."

मी पुस्तक मिटलं. पान उलटलं असतं तर पलीकडे लहान मुलांचं वेगळं कोष्टक दिसलं असतं, हे मला बऱ्याच दिवसांनी तिथेच जाऊन कळलं.

आता माझे सासरे येतात. मार्केट यार्डात त्यांचा भाजीचा गाळा. शेतकऱ्याचा माल यायचा, ते तो विकून द्यायचे, आणि नुसत्या वासावरून कोथिंबीर कुठल्या बाजूची हे सांगायचे. माणूस दिलदार, पण माझ्यात त्यांना एक खोट दिसायची: माझा चष्मा. मुलगी पाहायला गेलो तेव्हा त्यांनी माझा चष्मा मागून घेतला होता, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं होतं आणि परत देताना म्हणाले होते, "पाव्हणं, तुमाला आमची पोरगी दिसली का नीट?" नात झाल्यावर त्यांनी मनाशी पक्कं केलं की ही नजर पुढे जाऊ द्यायची नाही. डोळ्यांना गाजर चांगलं, हे त्यांना ठाऊक होतं. लेक वरचं खायला लागली तशी दर रविवारी टेम्पोतून निवडक गाजरं यायला लागली. सोबतीला लाल भोपळा, तोही डोळ्यांनाच.

बायकोनं त्यांना शनिवारीच फोनवर सांगितलं होतं. रविवारी सकाळी आमचा चहा व्हायच्या आत टेम्पो दारात उभा. सासरे एका हातात गाजरांची पिशवी आणि तोंडात एक निर्णय घेऊनच जिना चढले.

"घाट उतरलं की एका गावात मानूस हाय. काविळीची माळ देतो. चला."

ही माळ म्हणजे कुठल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात गाठी मारून गुंफलेले. ती रोग्याच्या डोक्यावर घालायची. कावीळ उतरेल तशी माळ वाढत जाते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून खाली उतरते, असं म्हणतात. सोबत नाकात सोडायला कसलासा रस.

"नाकात काही जाणार नाही, आप्पा," बायको म्हणाली. "तोंडातही नाही."

"मला दिलं हुतं की लहानपनी. काय झालं मला?"

"तुम्हाला दिलं असेल. ती सव्वा वर्षाची आहे."

"आन् तुमचा तो कागद? त्यानं उतरनार हाय का?"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. कागद खिशात होता, तारे तळपत होते. मी एवढंच म्हणालो, "मामा, माळ आणा. रस नको." तडजोड झाली. सासरे एकटेच गेले. ते परत येईपर्यंत मी गॅलरीतून दारात आणि दारातून गॅलरीत अशा फेऱ्या मारल्या, लेकीचे तळवे पुन्हा पुन्हा उलटेपालटे केले, अखेर तिनं हात पाठीमागे लपवायला सुरुवात केली. काविळीला तेलकट चालत नाही म्हणून त्या दिवशी तिला बायकोनं दोन्ही वेळेला नुसतं उकडलेलं गाजर दिलं. वरून भोपळा.

दुपारी माळ आली. सासऱ्यांनी हात जोडले, पुटपुटले आणि माळ नातीच्या डोक्यावर ठेवली. ती क्षणभर राणीसारखी बसली. मग तिनं हात वर नेला, माळ ओढून काढली आणि थेट तोंडात घातली. दोरा तुटला. तुकडे घरभर.

"गिळला का? गिळला का एखादा?" मी ओरडलो.

"किती होते?" बायकोनं विचारलं.

"त्यो काय मोजून देतो व्हय?" सासरे गुडघ्यांवर बसून सोफ्याखाली बघत म्हणाले. त्यांनी नातीचं तोंड उघडून बोट घातलं आणि तिनं ते कडकडून चावलं. मी चष्मा पुसून फरशी चाचपत होतो. बायकोनं दोरा उचलला, एकेका गाठीशी एकेक तुकडा लावत गेली, आणि शेवटी एक गाठ रिकामी उरली. आम्ही तिघंही पुन्हा फरशीवर आडवे झालो. तो तुकडा सासऱ्यांच्या धोतराच्या सोग्यात सापडला. सापडल्यावर ते भिंतीला टेकून बसले आणि सगळे तुकडे त्यांनी रुमालात गाठ मारून बांधून टाकले. मग हळूच म्हणाले, "उद्या मीबी येतो डॉक्टरकडं."

सोमवारी आम्ही तिघं आणि लेक असे दवाखान्यात. डॉक्टर म्हातारे, किरकोळ अंगाचे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मी खुर्चीत बसायच्या आतच कागद त्यांच्यापुढे ठेवला.

"ही तपासणी कुणी सांगितली होती?"

"मीच."

"वा. मग निदानही केलंत का?"

"लिव्हरचं काहीतरी," मी म्हणालो.

"औषधही लिहून टाकायचंत. मला कशाला त्रास दिलात?" असं म्हणत त्यांनी माझा सुंदर रिपोर्ट पालथा घालून त्यावर पेपरवेट ठेवला आणि मुलीला टेबलावर घेतलं. खालची पापणी ओढून डोळे पाहिले. जीभ पाहिली. पोट चारी बाजूंनी दाबलं. तळपाय उलटे करून पाहिले, नाकाचा शेंडा पाहिला. मग बायकोकडे वळले. "लघवी गडद होते का? लंगोट पिवळा डागाळतो?"

"नाही."

"शी? पांढुरकी, मातकट?"

"नाही," बायको जरा थांबून म्हणाली. "केशरी."

डॉक्टरांची एक भुवई वर गेली. मग त्यांनी पेपरवेट उचलून रिपोर्ट वाचला. मी खुर्चीच्या कडेला आलो होतो, माझा पाय आपोआप हलत होता, आणि त्यांचं टेबल त्याबरोबर हलत होतं.

"पाय थांबवा. इथे वर काय छापलंय?"

"वय. एक वर्ष."

"आणि हा कंसातला आकडा कुणाचा?"

"नॉर्मल आकडा."

"कुणाचा नॉर्मल? तुमचा, माझा, ह्या तुमच्या सासऱ्यांचा. हिचा नाही. मुलांची हाडं वाढत असतात. हे फॉस्फटेज लिव्हरमधून येतं तसं वाढत्या हाडांतूनही येतं. हिच्या वयाला एवढं असायचंच. तुमच्या कंसाइतकं कमी आलं असतं तर मी विचारात पडलो असतो."

"आणि तो दुसरा तारा?"

"तेही ह्या वयात मोठ्यांपेक्षा थोडं वर असतं. लिव्हरचं दुखणं असतं तर बाकीचेही आकडे उठून उभे राहिले असते. बसलेत सगळे गपचूप." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "जन्मल्यावर चौथ्या दिवशी हिचं बिलिरुबिन याच्या कितीतरी पट होतं. त्या वयाला ते चालतं. तेव्हा आपण इथे पेढे घेऊन आला होतात."

माझ्या छातीवरून कुणीतरी भरलेलं पोतं उचललं. पण माझा स्वभाव काही उचलला गेला नव्हता. "मग पिवळी का आहे?"

"कावीळ डोळ्यांत दिसते. हिचे डोळे तुमच्या शर्टापेक्षा पांढरे आहेत. पिवळे आहेत ते तळवे, तळपाय आणि नाक. खाते काय ही?"

बायको सांगायला लागली. सकाळी गाजराचं सूप. दुपारी खिचडी, तिच्यात किसलेलं गाजर. चार वाजता भोपळा. रात्री उकडलेलं गाजर. सणावाराला हलवा. सांगता सांगता तिचा आवाज हळू होत गेला.

"घरात गाजराचा धंदा आहे का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाय," मागून सासरे म्हणाले. "मार्केट यार्डात. पैल्या नंबरचा माल."

"मालाबद्दल तक्रार नाही. पोरीच्या अंगावर दिसतोय तो."

सासरे पुढे आले. त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती. "म्हंजे मी पिवळी केली तिला?"

इतका वेळ चिमटे काढणारे डॉक्टर त्यांच्याशी मात्र वेगळ्या आवाजात बोलले. "गाजराचा रंग आहे नुसता, आजोबा. अपाय काही नाही. गाजर-भोपळा थांबवा, उतरेल हळूहळू. थोड्या आठवड्यांनी मला परत दाखवा." मग माझ्याकडे वळून जुन्या आवाजात, "आणि पुढच्या वेळी आधी मुलगी आणा, मग कागद."

मी एवढ्यावर घरी जायला हवं होतं. गेलो लॅबमध्ये. काउंटरवरच्या माणसाला रिपोर्ट दाखवून मी जरा तावातावानं सांगितलं की वय छापता आणि मुलांना मोठ्यांची हद्द कशी काय लावता.

"सॉफ्टवेअरमध्ये एकच रेंज भरता येते, साहेब," तो म्हणाला. "पुण्यातल्याच एका कंपनीकडून करून घेतलंय. आपण काय करता?"

"प्रोग्रॅमर आहे."

"मग आपसांतच काय ते बघून घ्या ना," असं म्हणून तो पुढच्या माणसाकडे वळला. मी रिपोर्टाची घडी खिशात घातली आणि माशांसमोरून बाहेर पडलो.

रंग उतरायला वेळ लागला. त्या दिवसांत टेम्पोतून आमच्याकडे फक्त दुधी, मुळा, फ्लॉवर आणि कोबी येत गेला. जिला रंग आहे अशा भाजीला सासऱ्यांनी आमच्या जिन्यावर पायच ठेवू दिला नाही. दर रविवारी ते यायचे, नातीला गॅलरीत न्यायचे, तिचा तळवा आपल्या तळव्यावर ठेवून तिरक्या नजरेनं बराच वेळ बघायचे. मला विचारायचे नाहीत, बायकोलाही नाही. एका रविवारी त्यांनी तो तळवा माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाले, "बघा. उतरला." तळवा गुलाबी होता. त्या दिवशी ते दोनदा जेवले. डॉक्टरांनी परत तपासलं, पोट दाबलं आणि अखेर म्हणाले, "हं." इतका गोड "हं" मी आयुष्यात ऐकलेला नाही.

लेक शाळेत जायला लागल्यावर तिला फळ्यावरचं दिसेना. डोळे तपासले आणि चष्मा लागला, माझ्यासारखाच. तो घालून ती पहिल्यांदा आजोबांच्या गाळ्यावर गेली तेव्हा मी मागे उभा होतो. कोबीच्या ढिगाशेजारी सासऱ्यांनी तिला पोत्यावर बसवलं, तिचा चष्मा काढला, उजेडाकडे धरून आरपार पाहिला आणि जपून परत तिच्या नाकावर ठेवला. मग सावकाश माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, गाजर बंद करायला कुनी सांगितलं हुतं?"